नवव्या शनिवारची ड्यूटी

बसडेपोतल्या तक्तेसाहेबांना खरं नावही होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी सगळे त्यांना तक्तेसाहेबच म्हणत. कुठल्या ड्रायव्हरनं कुठल्या दिवशी कुठली बस न्यायची याचा तक्ता ते करत, आणि एकदा तो भिंतीवर लागला की काळ्या दगडावरची रेघ. ड्यूटी बदलून हवी असेल तर दोन पूर्ण दिवस आधी लेखी अर्ज. अडीच दिवस आधी आला तर विचार होई. दीड दिवस आधी आला तर होत नसे. मग कोणाचं लग्न असो, कोणाची सासू जावो. “सासूला दोन दिवस आधी कळवायला काय झालं होतं?” असं ते विचारत, आणि हे ते विनोदानं विचारत नसत.

घरी त्यांना दोन मुलं. थोरली बारा वर्षांची, मुलींच्या फुटबॉल संघात. धाकटा चार वर्षांचा, कुठल्याच संघात नाही आणि म्हणून सगळीकडे. बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर होती, आणि आठवडाभर अंगावर काढलेली दुखणी लोक नेमकी शनिवारी घेऊन येतात, त्यामुळे शनिवारी तिला सुटी नाही. म्हणजे शनिवारी सकाळी थोरलीची मॅच, मॅचला तक्तेसाहेब, आणि तक्तेसाहेबांच्या हाताला लोंबकळत धाकटा.

संघातल्या नऊ घरांची हीच गत होती. खेळणारी एक, आणि तिच्यामागं एकदोन शेपटं. लहान भावंडांना सगळे शेपटंच म्हणत. गेल्या वर्षी या शेपटांनी उच्छाद मांडला होता. एक दोन वर्षांची पोर ऐन मॅचमध्ये गोलच्या तोंडाशी जाऊन बसली आणि उठायला तयार होईना. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा तिनं शिट्टी मागितली. एकानं मैदानाच्या कडेची चुन्याची रेघ कोपऱ्यापर्यंत चाटत नेली. जुळ्या भावांनी पाहुण्या संघाच्या पाण्याच्या बाटल्या ओतून दिल्या आणि प्रत्येकीत एकेक गोगलगाय घातली. चौदा बाटल्या, चौदा गोगलगायी. काम चोख होतं. खाऊ देऊन झाला, मोबाइल देऊन झाला, धपाटे देऊन झाले. पालक मॅच बघायला येत आणि पोरांमागं धावून घामाघूम होऊन घरी जात. कोण जिंकलं ते त्यांना वाटेत मुलींकडून कळे.

तक्तेसाहेबांना हे बघवेना. त्यांच्या मते माणसांची कमी नव्हती, वाटणीची होती. यंदाच्या हंगामाच्या आधी त्यांनी तक्ता केला. नऊ घरं, नऊ शनिवार. प्रत्येक शनिवारी एकाच पालकानं सगळी शेपटं सांभाळायची, म्हणजे बाकीचे आठ जण डोळे भरून मॅच बघायला मोकळे. अदलाबदल हवी तर दोन पूर्ण दिवस आधी लेखी अर्ज. जागाही त्यांनी स्वतः शोधली. पोराच्या उंचीवरून काय दिसतं ते कळावं म्हणून ते पँटचे गुडघे मळवत मैदानाभोवती रांगून आले, आणि सामानाच्या खोलीमागचं अंगण पक्कं केलं. तिथं नळ होता, सावली होती, आणि तिथून मैदानाचं टोकही दिसत नव्हतं. मैदान दिसलं की पोरं धावणार, न दिसलं की नाही धावणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तक्त्याची एकेक प्रत प्रत्येक घरी गेली. शेवटच्या ओळीत, नवव्या शनिवारपुढं, तक्तेसाहेबांनी स्वतःला घातलं होतं. तक्ता करणाऱ्यानं आधी दुसऱ्यांची सोय बघावी, असं त्यांना वाटे.

तक्ता झकास चालला. पहिल्या शनिवारपासून तक्तेसाहेब खुर्ची टाकून मैदानाच्या कडेला बसले. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात वही. आणि बघतात तर थोरली बाकावर. दुसऱ्या शनिवारी बाकावर. पाचव्या शनिवारी बाकावर. ती बाकावरून उठे ती फक्त दुसऱ्या मुलींना पाणी द्यायला.

वहीची गोष्ट आधी सांगायला हवी. गेल्या वर्षी थोरली चार सरावाच्या मॅच खेळली होती, तेव्हा धाकट्याला मावशीकडं ठेवून तक्तेसाहेबांनी तिच्या प्रत्येक मिनिटाची नोंद केली होती. येताना बसमध्ये ते तिला ती वाचून दाखवत. “अकराव्या मिनिटाला चेंडू डावीकडे, तू उजवीकडे. सतराव्या मिनिटाला तू उभी. अठराव्याला उभी, बुटाची नाडी. एकोणिसाव्याला नाडी सुटलेली नव्हती, तरी वाकलीस.” यात त्यांना रागवायचं नव्हतं. ज्याची नोंद नाही ते झालंच नाही, असं त्यांचं आयुष्यभराचं मत, आणि आपल्या पोरीचा खेळ झालाच नाही असं व्हायला नको म्हणून ते लिहीत. माया करायची त्यांची ही रीत होती. थोरली खिडकीबाहेर बघत ऐकून घेई आणि “हो बाबा” म्हणे.

तर यंदा वहीत लिहायलाच काही नव्हतं. सहाव्या शनिवारी तक्तेसाहेबांचा संयम संपला. त्यांनी कोचला गाठलं. कोच आठवडाभर दातांचा डॉक्टर. इतर दिवशी लोकांना तोंड उघडा म्हणून सांगे आणि शनिवारी पालकांना तोंड मिटा म्हणून. तक्तेसाहेबांनी त्याच्या हातात कागद ठेवला. प्रत्येक मुलगी किती मिनिटं खेळली त्याच्या रांगा होत्या, आणि शेवटच्या रांगेत थोरलीपुढं सहा शून्यं.

“ही वाटणी झाली?” तक्तेसाहेबांनी विचारलं.

कोचनं कागद उजेडाकडं धरून बघितला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग थोरलीकडं नजर टाकली आणि मिटलं. “बघतो,” एवढंच म्हणाला. तक्तेसाहेबांनी मनातल्या मनात त्याच्या नावापुढं फुली मारली. पण खरं सांगायचं तर त्यांना राग कमी आणि चुटपुट जास्त लागली होती. एकदा, फक्त एकदा, पोरीला त्या हिरवळीवर धावताना बघायचं होतं. बाकी त्यांना आयुष्याकडून फार काही नको होतं. पेन्शन तर ठरलेलीच होती.

नवव्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी थोरली मोरीत मोजे धूत होती. मान वर न करता म्हणाली, “बाबा, शनिवारी मी खेळणार आहे. दुसऱ्या हाफमध्ये.”

तक्तेसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “किती मिनिटं?”

“ते काही सांगितलं नाही सरांनी.”

“कागद लागू पडला,” तक्तेसाहेब म्हणाले आणि खुशीत वळले. वळले ते नेमके फ्रिजसमोर. फ्रिजच्या दाराला तक्ता चिकटवलेला होता. नववा शनिवार. पुढं त्यांच्याच वळणदार अक्षरात त्यांचं नाव.

“माझी ड्यूटी आहे,” ते म्हणाले. “थांब, मी बदलून घेतो.”

“पण अर्जाची मुदत काल संपली ना?” थोरली चटकन म्हणाली. आता तिनं मान वर केली होती. “दोन पूर्ण दिवस आधी. नियम आहे ना?”

इतक्या वाईट क्षणीसुद्धा तक्तेसाहेबांचा ऊर भरून आला. पोरीला नियम पाठ होता. बारा वर्षांचे संस्कार फुकट गेले नव्हते. “बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले.

मग त्यांनी तरीही एक अर्ज लिहिला. ‘कौटुंबिक कारणास्तव नवव्या शनिवारची ड्यूटी बदलून मिळावी.’ खाली सही केली. मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसले, अर्ज वाचला, मुदतीनंतर आला म्हणून नामंजूर केला आणि खाली सही केली. बायकोनं दोन्ही सह्या बघितल्या.

“अहो, कोणाला तरी नुसतं विचारा ना. कोणीही हो म्हणेल.”

“कोणाला विचारू? सात नंबरच्या ड्रायव्हरला?”

सात नंबरची बस चालवणारा ड्रायव्हर याच नऊ घरांतला होता. गेल्या वर्षी त्याच्या थोरल्या मुलीची पहिली मॅच, म्हणून त्यानं सकाळची ड्यूटी बदलून मागितली होती. अर्ज दीड दिवस आधी आला. तक्तेसाहेबांनी तो नामंजूर केला. त्या मॅचमध्ये मुलीनं गोल मारला. तिच्या आयुष्यातला तो पहिला गोल झाला तेव्हा तिचा बाप पाण्याच्या टाकीच्या स्टॉपवर तीन प्रवासी उतरवत होता. आजपर्यंत तिनं दुसरा मारलेला नाही. ड्रायव्हर कधी एका शब्दानं काही बोलला नाही, आणि हेच तक्तेसाहेबांना जड जाई.

शनिवारी नऊ वाजता अकरा शेपटं तक्तेसाहेबांच्या ताब्यात आली. एक बाबागाडीत होतं, दोन जुळे होते, आणि सात नंबरच्या ड्रायव्हरची सहा वर्षांची धाकटी होती, जिला वाद घालण्याच्या हौसेमुळं सगळे वकीलबाई म्हणत. तक्तेसाहेबांनी वेळापत्रक भिंतीला लावलं. नऊ ते सव्वानऊ, गोलात बसून एकमेकांची ओळख. सव्वानऊ ते साडेनऊ, गाणी. साडेनऊ ते पावणेदहा, खडूनं चित्रं. पावणेदहाला पाणी.

ओळख चाळीस सेकंदांत संपली, कारण सगळे एकमेकांना ओळखत होते. गाण्यांमध्ये कोणतं गाणं यावरून मतभेद झाले आणि दोन जण रडले. खडूंपैकी तीन खाल्ले गेले आणि एक जुळ्यांपैकी डावीकडच्याच्या नाकात गेला. तो काढण्यात जरा वेळ गेला, हेच काय ते समाधान. पाण्याचा कार्यक्रम पोरांनी स्वतःहून आधीच उरकला होता आणि आता सगळीच ओली होती. तक्तेसाहेबांनी घड्याळ बघितलं. नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती. पलीकडं मैदानावर पहिली शिट्टी वाजली.

माणूस अडला की आपल्या धंद्याकडं वळतो. सामानाच्या खोलीत एक लांब दोर होता. तक्तेसाहेबांनी त्याची दोन टोकं बांधली, पोरांना आत उभं केलं आणि जाहीर केलं की ही बस आहे. स्टॉप चार: नळ, पायरी, झाड आणि मैदान दाबायचा जुना लोखंडी रोलर. पोरांना कल्पना फार आवडली, पण सगळ्यांनाच ड्रायव्हर व्हायचं होतं. प्रवासी व्हायला कोणी तयार नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत ही अडचण त्यांना पहिल्यांदाच आली.

त्यांनी खडूनं भिंतीवर ड्रायव्हरांचा तक्ता केला. प्रत्येकाला दोन मिनिटं.

“माझा नंबर शेवटचा का?” वकीलबाईनं विचारलं.

“कोणाचा तरी शेवटचा असतोच.”

“मग तुमचा लावा. तुम्ही मोठे आहात.”

“माझा नंबर शेवटचाच होता,” तक्तेसाहेब म्हणाले. “म्हणून तर मी इथं आहे.”

बस सुरू झाली. नळ, पायरी, झाड, रोलर. दर फेरीला कोणीतरी वाटेत पडे, कोणालातरी शू लागे, बाबागाडीतला प्रवासी भोकाड पसरून गाडी थांबवी. तक्तेसाहेब मागून दोर धरून चालत होते आणि कान मैदानाकडं लावत होते. मध्यंतराची शिट्टी झाली. मग दुसऱ्या हाफची झाली. तिथून पुढं त्यांचा जीव टांगणीला लागला. आरडाओरडा झाला की वाटे, हीच ती. शांत झालं की वाटे, पडली, लागलं. आता उतरली असेल का? किती मिनिटं झाली? भिंतीपलीकडं, पन्नास पावलांवर, जे बघायला ते आठ शनिवार खुर्चीवर बसले होते ते चाललं होतं, आणि इथं जुळ्यांपैकी उजवीकडचा त्यांच्या पँटला नाक पुसत होता.

“आता ताईचा स्टॉप,” धाकटा म्हणाला. त्याची ड्रायव्हरकीची दोन मिनिटं चालू होती.

“तो या मार्गावर नाही.”

“का नाही?”

“तिथं उतरलेला प्रवासी परत चढत नाही.”

धाकट्यानं यावर विचार केला आणि गाडी रोलरकडं वळवली. तेवढ्यात खोलीच्या कोपऱ्यावरून सात नंबरचा ड्रायव्हर पळत आला. त्याला धाप लागली होती.

“साहेब, तुमची पोरगी उतरली मैदानात. जा, बघा. यांना मी सांभाळतो.”

“माझी ड्यूटी आहे,” तक्तेसाहेब म्हणाले. जीभ सवयीनं बोलली.

“ती मी करतो ना.”

“अर्ज नाही, मंजुरी नाही.”

“मंजुरी देणार कोण? तुम्हीच ना?”

“म्हणूनच.” मग तक्तेसाहेबांनी दोर खाली सोडला. त्यांना ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून ते त्याच्या बुटांशी बोलले. “गेल्या वर्षी तुम्ही मागितली होती. मी दिली नव्हती.”

“नाही दिलीत ना. म्हणून तर पळत आलो. काय होतं ते मला ठाऊक आहे.”

तक्तेसाहेबांना एकदम लाज वाटली. “द्यायला हवी होती मी,” ते म्हणाले.

“असू दे हो. जा आता, नाहीतर संपेल.”

हे सगळं तोंडी झालं आणि दोघांपैकी कोणीही ते लेखी मागितलं नाही. तक्तेसाहेब निघाले. मागं ड्रायव्हरनं तोंडानं खऱ्या बसचा हॉर्न वाजवला आणि अकराच्या अकरा शेपटं आपणहून प्रवासी झाली.

कोपरा वळताच मैदान समोर आलं, आणि त्यात थोरली. तक्तेसाहेबांनी ती लगेच ओळखली नाही. ही मुलगी ओरडत होती. “इकडे! अगं इकडे दे!” असं घसा फोडून ओरडत, हात हलवत ती धावत होती. चेंडू आला, पायाखालून निघून गेला, आणि ती वळली ती चक्क उलट्या बाजूला, आपल्याच गोलकडं. दोघी जणी तिच्यावर आदळल्या, तिघी खाली पडल्या आणि थोरली गवतावर पडल्या पडल्या हसत सुटली. मग उठली आणि पुन्हा धावली. तक्तेसाहेबांनी तिला घरी असं हसताना कधी बघितलं होतं ते त्यांना आठवेना. ते नकळत पुढं झाले. बाकापर्यंत पोचले तेव्हा कोचनं मागं वळून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

“अहो, तुम्ही इथं कसे? तुमची ड्यूटी ना आज?”

“सुटलो,” तक्तेसाहेब म्हणाले. “चांगली खेळते की. आठ शनिवार का बसवलीत तिला?”

“मी नाही बसवली.” कोच आवाज खाली आणून बोलत होता. “दर शनिवारी विचारायचो, उतरतेस का. ती म्हणायची, आज नको. तुमचा तक्ता लागला त्याच दिवशी येऊन मला सांगून गेली होती.”

“काय सांगून गेली?”

कोचनं आधी इकडंतिकडं बघितलं. दाढ काढायच्या आधी बघत असावा, तसं. “बाबांची ड्यूटी असेल त्या शनिवारी खेळवा म्हणाली. तुम्ही मिनिटांचा कागद आणून दिलात तेव्हा सांगणार होतो. पण कोणाला सांगायचं नाही म्हणून तिनं शपथ घातली होती. आता मोडली मी. जरा आडोशाला तरी व्हा. तिनं बघितलं तर तिथंच थिजेल.”

तक्तेसाहेबांना वाईट वाटलं. साधं, सरळ, पोटातून वाईट वाटलं. मोरीत मोजे धुताना पोरगी नियम का सांगत होती ते त्यांना आता कळलं, आणि आपला ऊर उगाच भरून आला होता हेही कळलं. आठ शनिवार ती त्यांच्या डोळ्यांसमोर बाकावर बसून राहिली होती, हा एक शनिवार यावा म्हणून. रागवावं तर कोणावर? हातात स्टॉपवॉच होतं. कोपरा वळताना ते खिशातून कधी बाहेर काढलं आणि कधी चालू केलं, त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

इतक्यात कोणीतरी चेंडू जोरात लाथाडला आणि तो रेघ ओलांडून त्यांच्याच बाजूला घरंगळत आला. तो आणायला थोरली निघाली. मान खाली, नजर चेंडूवर, केस विस्कटलेले, ढोपर सोललेलं. आणखी दहा पावलं आणि ती मान वर करणार. तक्तेसाहेबांना तिला आणखी बघायचं होतं. एवढं कधी काही हवं वाटलं नव्हतं. ते वळले आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ काढून सामानाच्या खोलीमागं पळाले. पन्नाशीला आलेला माणूस जसा पळेल तसेच पळाले, पण वेळेत पोचले. मागून चेंडूवर पाय पडल्याचा आणि “घे गं!” असा तिचा आवाज आला. ती थिजली नव्हती.

अंगणात बस झाडाच्या स्टॉपवर उभी होती. ड्रायव्हरनं आश्चर्यानं बघितलं.

“एवढ्यात संपली?”

“नाही. चालू आहे.”

“मग परत का आलात?”

“ड्यूटी माझी आहे,” तक्तेसाहेब म्हणाले. छाती अजून धपापत होती. “आणा तो दोर इकडं. तुम्ही जा, तुमची मुलगीही खेळते आहे.”

ड्रायव्हरनं मान हलवली. “साहेब, तुम्ही काही सुधारायचे नाही,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती हार मानल्यासारखं होतं. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तक्तेसाहेबांनी ते सांगितलं नाही. ते थोरलीचं गुपित होतं, आणि तिनं ते त्यांच्यापासून राखलं होतं, म्हणजे आता त्यांनीही ते राखणं आलं.

उरलेली मॅच त्यांनी पाठमोऱ्या उभ्यानं ऐकली. नळ, पायरी, झाड, रोलर. वकीलबाईचा नंबर आला तेव्हा तिनं दोनाऐवजी नऊ मिनिटं बस चालवली आणि कोणी तिला हटकलं नाही. मैदानावरून एकदा मोठा आवाज झाला. धाकट्यानं विचारलं, “ताईचा?” तक्तेसाहेब म्हणाले, “माहीत नाही रे,” आणि त्याला उचलून खांद्यावर घेतलं.

येताना बसमध्ये धाकटा मांडीवर झोपला. थोरली समोरच्या सीटवर बसली. ढोपराला पट्टी, तोंडाला माती.

“तुम्ही बघितलं नाही ना बाबा?”

“कसं बघणार? अकरा पोरं होती गळ्यात.”

तिनं क्षणभर त्यांचा चेहरा तपासला. वीस वर्षं ड्रायव्हरांच्या खोट्या सबबी पकडलेला तो चेहरा आता स्वतः खोटं बोलत होता आणि निभावून नेत होता. मग ती पुढं सरकली आणि बोलायला लागली. कशी उतरली, कसे पाय कापत होते, गोलकीपर काय म्हणाली. “आणि बाबा, एकदा ना मी उलट्याच बाजूला धावले! आपल्याच गोलकडे!”

तो प्रसंग, वेळ, जागा, सगळं तक्तेसाहेबांच्या जिभेच्या टोकावर होतं. ते त्यांनी गिळलं.

“अरेरे,” ते म्हणाले. “मग?”

मग तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, काही दोनदा सांगितलं, हातवारे करून सांगितलं, आणि चेंडू कसा मारला ते सीटच्या दांड्यावर लाथ मारून दाखवलं. तिथून पुढं तक्तेसाहेबांनी “मग?” याखेरीज एक शब्द वापरला नाही. गेल्या वर्षी चार मॅचच्या परतीच्या चार प्रवासांत मिळून ती जेवढी बोलली नव्हती तेवढी ती चार स्टॉपांत बोलली. त्यांचा स्टॉप आला तेव्हा तिची अजून निम्मी मॅच शिल्लक होती, म्हणून ते दोन स्टॉप पुढं जाऊन उतरले आणि झोपलेल्या धाकट्याला खांद्यावर टाकून मागं चालत आले.

पुढच्या हंगामाचा तक्ता महिनाभर आधीच तयार झाला. घरोघरी प्रती गेल्या, आणि संध्याकाळी सात नंबरच्या ड्रायव्हरचा फोन आला. “साहेब, काहीतरी चुकलंय. नऊच्या नऊ शनिवारी तुमचंच नाव पडलंय.”

“चुकलं नाही,” तक्तेसाहेब म्हणाले.

बाकीच्या पालकांनी आपसात ठरवलं की माणूस वरून फणसासारखा आहे पण आतून फार मोठ्या मनाचा आहे. त्यांनी वर्गणी काढून त्यांना एक शिट्टी भेट दिली. तक्तेसाहेबांनी ती घेतली आणि आभार मानले. थोरलीनं फ्रिजवरचा नवा तक्ता वरून खालपर्यंत वाचला, एकदा बापाकडं बघितलं आणि बूट पुसायला घेतले.

बायकोनं मात्र तक्ता वाचून कपाळाला हात लावला. “अहो, सगळेच शनिवार तुम्ही त्या पोरांमागं? मग हिचा खेळ तुम्ही बघणार कधी?”

“बघायला कशाला हवा?” तक्तेसाहेब म्हणाले. “येताना ती सांगते की.”